आधी कोरुंदुक!

"हात लावाल तर याद राखा!"

पेरिझात ओरडली तेव्हा तो माणूस पडद्याचं टोक धरून उभा होता. दार वाजवलं नाही, खाकरला नाही, 'येऊ का' म्हणाला नाही... सरळ जिने चढून माळ्यावर आला आणि अख्खा हिवाळा जिथे तिने आपल्या मर्जीविना कुणाची सावली पडू दिली नव्हती, त्या पडद्यालाच त्याने हात घातला! पेरिझातच्या एका हातात रंगाने लडबडलेली पाटी होती, दुसऱ्या हातात सुरी. रंग थापायची बोथट सुरी हो, तिने लोणीसुद्धा नीट कापलं जायचं नाही. पण ते त्याला कुठे ठाऊक? तो दोन पावलं मागे सरला.

"मला भिंत बघायचीय," तो म्हणाला.

"आणि मला चंद्र बघायचाय! म्हणून मी लोकांच्या घरात घुसते का?"

"दार उघडं होतं."

"टर्पेंटाइनने डोकं चढतं म्हणून उघडं ठेवते. तुमच्या स्वागतासाठी नाही!"

त्याचं नाव मेदेर. इमारती तपासणारा इंजिनियर. वसंतात धरणीने जरा अंग हलवलं होतं. आम्हा बिश्केककरांना त्याचं नवल नाही. कपाटातल्या वाट्या किणकिणल्या की आम्ही दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहतो आणि थांबल्या की पुन्हा चहा ओततो. पण चित्रकारांच्या या जुन्या तिमजली इमारतीला ते हलणं मानवलं नव्हतं, अशी कुजबुज होती. म्हणून त्याला धाडलेलं. पहिला मजला बघून झाला, दुसरा झाला आणि आता हा माळा... आणि माळ्यावर ही जगदंबा!

"पडद्यामागे भिंत आहे ना?" त्याने शक्य तितक्या नरमाईने विचारलं.

"पडद्यामागे चित्र आहे. चित्रामागे भिंत आहे."

"मग चित्र जरा बघू द्या, म्हणजे भिंत—"

"आधी कोरुंदुक!"

मेदेर बघतच राहिला. कोरुंदुक काय, हे कुणाला सांगायला नको. नव्या नवरीचं तोंड पहिल्यांदा बघायचं, तर तिच्या हातावर काहीतरी ठेवायचं; तान्ह्या बाळाचंही तसंच. फुकटात बघायचं नाही. पण चित्रासाठी कोरुंदुक?

"चित्रासाठी?" तो म्हणालाच.

"का? ते नवं नाही? ते पहिल्यांदा कुणाला तोंड दाखवत नाही? हा पडदा माझ्या ताईच्या लग्नातला आहे. याच्याआड ती बसली होती, आता माझं चित्र बसलंय. पैसे नकोत हं. जवळची एखादी वस्तू. ती मी चित्राला लावते."

"लावते म्हणजे?"

पेरिझातने फळीवरचा पसारा दाखवला. दात मोडलेला कंगवा, सायकलच्या साखळीचा तुकडा, कोटाचं भलंमोठं बटण, जर्दाळूच्या बिया. ज्याने जे दिलं, ते ती ओल्या रंगात दाबायची, फिरवायची, ओढायची. कंगव्याने रंगात लाटा उठल्या होत्या. साखळीने पाऊलवाट उमटवली होती. एकीने बोर्सोक दिला होता, कणकेचा तळलेला गोळा, गरमागरम. त्यातला अर्धा पेरिझातने खाल्ला आणि अर्ध्याचा ठसा मारला. असा तिचा खेळ. पुढचा रंग कुठला, हे ती मेंढीची हाडकं फेकून ठरवायची. हाडकं पोरं अंगणात खेळतात तीच. आणि त्यांनी सांगितलेला रंग नावडता असला, तरी तोच घ्यायची.

"हे... काम आहे तुमचं?" मेदेरने विचारलं.

झालं! पेरिझातच्या मस्तकात तिडीक गेली. खालच्या मजल्यावरचे म्हातारे चित्रकार, सागिनाली आगाय म्हणजे सागिनाली गुरुजी, तिला दहा वर्षं हेच विचारत होते. आगायांनी उभा जन्म घोडे रंगवले. धावणारे घोडे, पाणी पिणारे घोडे, सूर्यास्ताकडे बघणारे घोडे. दर शरदातल्या प्रदर्शनात समोरची मोठी भिंत त्यांच्या घोड्यांची. यंदा प्रथमच ती भिंत पेरिझातला द्यायचं ठरलं होतं आणि त्या भिंतीसाठीच हे चित्र होतं. तिचं पहिलं एवढं मोठं चित्र.

"काम नाही, खेळ आहे," ती दातओठ खात म्हणाली. "आणि खेळ कामापेक्षा अवघड असतो, कारण त्यात हरायची तयारी लागते. द्या काहीतरी, नाहीतर जिना तिकडे आहे."

मेदेरने खिसे चाचपले. रुमाल... चावी... त्या भानगडीत खिशातून ओळंबा बाहेर आला. दोरीला टांगलेलं, वापरून गुळगुळीत झालेलं पितळी वजन. भिंत उभी आहे की कललीय ते सांगणारं. तो नुसता बाहेर आला आणि पेरिझातने झडप घातली.

"चालेल!"

"अहो, तो नाही! ते माझं हत्यार—"

"दिलेलं कोरुंदुक परत मागत नाहीत. आईने शिकवलं नाही?"

आणि तिने पडदा सर्रकन ओढला.

ते चित्र कशाचं होतं म्हणाल, तर मला विचारू नका. घोडा नव्हता, एवढं नक्की. डाळिंबाच्या सालीचा लाल होता, पावसात भिजलेल्या लोकरीचा करडा होता, मध्ये कुठे पिवळा असा उसळला होता की हसू यावं. रंगाचे थर बोटभर जाड, अजून ओले, जवसाच्या तेलाचा वास सुटलेला. जमिनीपासून थेट तुळईपर्यंत ते उभं होतं. पेरिझात श्वास रोखून मेदेरच्या चेहऱ्याकडे बघत होती. लोक तोंड उघडतात, डोकं खाजवतात, 'हे काय आहे' म्हणतात... हा काय म्हणेल?

हा चित्राच्या कडेने वाकला, मान आत खुपसली आणि मागच्या भिंतीकडे बघू लागला!

पेरिझातच्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, एक नजर? एक साधी नजर टाकायला काय हरकत होती? बाईने हिवाळाभर बोटं गारठवून केलेलं चित्र नाकासमोर उभं आणि हा बाबा भिंत बघतोय!

"कशी आहे भिंत?" तिने विषारी गोडव्याने विचारलं. "सुंदर आहे? आवडली?"

मेदेरने मान बाहेर काढली. त्याच्या खांद्यावर लाल रंग लागला होता आणि चेहरा उतरला होता.

"भेग आहे," तो म्हणाला. "वरपासून खालपर्यंत. माझा पंजा जातो आत. माळा पंधरा दिवसांत रिकामा करावा लागेल."

*

"रिकामा? रिकामा म्हणजे?" पेरिझात त्याच्या पाठोपाठ जिना उतरत होती आणि आवाज चढवत होती. "मी रिकामी होईन, सुऱ्या-ब्रश रिकामे होतील. चित्राचं काय? ते दारातून मावत नाही!"

"मग आत कसं आणलंत?"

"आणलं नाही! आत जन्मलं! लाकडं वर नेली, कापड वर नेलं, तिथेच ठोकलं."

"कापड काढून गुंडाळा."

"गुंडाळा!" ती मध्येच थांबली, कपाळावर हात मारला आणि कपाळ निळं झालं. "ओला तेलरंग गुंडाळा म्हणे! वाळायला वर्ष लागेल त्याला. तुम्ही ओलं सिमेंट गुंडाळता का?"

गलका ऐकून सागिनाली आगाय दार उघडून बाहेर आले होते. मिश्या पुसत, शांतपणे.

"त्यात काय एवढं, पोरी? मधून काप आणि दोन तुकड्यांत ने. कुणाच्या लक्षातही यायचं नाही."

पेरिझातने कठडा घट्ट धरला. रडणं तर या दोघांसमोर अजिबात परवडणारं नव्हतं.

"येईल लक्षात," मेदेर म्हणाला. "डावीकडचा करडा उजवीकडच्या लालाला तोलून धरतो. कापलं तर दोन्ही पडतील."

तो एवढंच बोलला आणि गेला. पेरिझात जिन्यात उभीच. म्हणजे... बघितलं होतं? मेल्याने बघितलं होतं आणि ताकास तूर लागू दिली नाही?

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. या वेळी दार वाजवून. हातात गरम सामश्यांची पुडी, कांदा-मांसाचा वास सगळ्या जिन्यात.

"ओळंबा हवा होता," तो म्हणाला.

"मिळणार नाही."

"त्याच्याशिवाय मापं कशी घेऊ?"

"ते तुम्ही बघा. सामसे आत येऊ शकतात."

सामश्यांबरोबर तोही आत आला. आणि बघतो तर काय, त्याचा लाडका ओळंबा तुळईला टांगलेला, निळ्या रंगात बुडवून काढलेला! पेरिझातने त्याला अलगद धक्का दिला. ओळंबा झोका घेत चित्रावरून गेला आणि एक निळी रेघ ओढून परत आला.

"अहो! पितळ आहे ते! इतकी वर्षं मी त्याला साधा ओरखडा पडू दिला नाही!"

"म्हणूनच कंटाळला होता बिचारा. बघा कसा हुंदडतोय! या, तुम्ही सोडा आता."

"मी?"

"घाबरता?"

मेदेरने बाह्या सरसावल्या. ओळंबा धरला, डोळा मिटून नेम धरला, कोन बघितला, पुन्हा धरला...

"सोडा की!"

"थांबा, कुठे जाईल ते बघतोय."

"ते कळलं तर खेळायचं कशाला?" ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली. त्याच्या बोटांवर तिने आपली रंगाने चिकट झालेली बोटं ठेवली आणि एकेक करून ती उघडली. करंगळी... अनामिका... मेदेर श्वास घ्यायचा विसरला असावा. ओळंबा सुटला. एक रेघ, दुसरी तिच्याहून लहान, तिसरी त्याहून लहान... शेवटी मध्यावर येऊन स्वस्थ. तिथे त्याने ठिबकत ठिबकत एक उभी रेघ सोडली, अगदी सरळ.

"तुमच्या या अख्ख्या खोलीत," मेदेर हळूच म्हणाला, "ही एकच गोष्ट सरळ आहे."

"दुसरी तुम्ही," पेरिझात म्हणाली आणि आपण हे का म्हणालो म्हणून स्वतःवरच चिडली.

मग तो रोजच येऊ लागला. कधी माप राहिलं म्हणून, कधी छप्पर बघायचं म्हणून. एकदा म्हणाला, जिना बघतोय, आणि जिना सोडून दोन तास माळ्यावर बसला. पेरिझात हाडकं फेकायची, तो रंग मिसळून द्यायचा. जवसाचं तेल थेंब-थेंब, मोजून. 'मोजू नका हो!' ती खेकसायची. 'बरं,' म्हणायचा आणि मनात मोजायचा. ओठ हलायचे ना त्याचे! त्याचा खालचा ओठ जरा जाड होता आणि मोजताना तो आणखीच पुढे यायचा. पेरिझातने हे मुद्दाम पाहिलं नव्हतं. दिसलं.

एके दुपारी खिडकीतून मक्सिमवालीकडून त्या आंबट, आंबवलेल्या धान्याच्या पेयाचे दोन गार पेले मागवून दोघं जमिनीवर बसली होती. पेरिझातने पेला खाली ठेवला.

"एक सांगू? ती भेग... जरा कमी सांगा की. एक बोट जाईल एवढी म्हणा. शरदापर्यंत वेळ मिळेल मला."

मेदेरने मान हलवली. नाही.

"आभाळ कोसळेल का तेवढ्याने?"

"आभाळ नाही, छप्पर. तुमच्यावर."

"माझ्यावर कोसळलं तर तुमचं काय जातं?"

त्याने पेला हातात फिरवला. पेल्याकडे बघत राहिला. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"...जातं," तो म्हणाला.

पेरिझातचं काळीज लक्कन हललं. आणि बायांनो, पुढचं ऐका. त्या लक्कन हलण्याचाच तिला एवढा राग आला की ती ताडकन उठली. एवढं गोड बोलायचं आणि भेगेचं मात्र एक बोट कमी करायचं नाही? हा कसला माणूस?

"जातं ना? मग लिहा की कमी!"

"तुमच्या खेळात हाडकं काळा रंग म्हणाली तर तुम्ही काळाच घेता. लबाडी करत नाही. मीही करत नाही."

"माझे नियम मला सांगू नका! उठा. आणि तो तुमचा पेलाही घेऊन जा!"

तो उठला. दारात थांबला, काही बोलणार होता... पण तिने पाठ फिरवली होती. पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत ती तशीच उभी होती आणि मग चित्रासमोर बसून तिने रडून घेतलं. चित्र जाणार, भिंत जाणार, तिथे पुन्हा घोडे लागणार. आणि तोही गेला. कोणत्या गोष्टीसाठी जास्त रडू येतंय, हे तिला त्या वेळी विचारायची सोय नव्हती.

*

माळा सोडायच्या दिवशी सकाळी वरच्या खिडकीवर ठोके पडू लागले. बाहेरून!

पेरिझातने पाहिलं तर मेदेर. डोंगर चढणारे त्याचे दोन मित्र छपरावर, कमरेला दोर बांधलेले, आणि हा शिडीवर, हातात पहार.

"आता काय भिंत पाडता?"

"खिडकीखालचा भाग भार घेत नाही. तेवढा काढला की चित्र बाहेर येतं. अखंड." त्याने घाम पुसला. "दोन दिवस बेरजा मांडतोय. येतं."

"मला न विचारता?"

"विचारायला आलो असतो तर जिन्यातच हाकललं असतंत."

खरंच होतं ते. म्हणून तिला आणखी राग आला आणि त्या रागातच तिने दोर धरायला हात पुढे केला.

दुपारपर्यंत विटा निघाल्या. खाली ही गर्दी! मक्सिमवाली, भाजीवाल्या, ट्रॉलीबसमधून माना काढणारे लोक, आणि सगळ्यांच्या पुढे हाताची घडी घातलेले सागिनाली आगाय. चित्र दोरांवर हळूहळू बाहेर सरकलं. पडदा घालणं शक्य नव्हतं, ओल्या रंगाला चिकटला असता. उघडंनागडं चित्र रस्त्यावर लटकत होतं आणि अख्खा मोहल्ला त्याचं तोंड बघत होता. फुकटात! पेरिझात खाली उभी राहून नखं कुरतडत होती.

"सावकाश... डावीकडचा दोर सैल... बस, बस," मेदेर वरून सांगत होता. सगळं त्याच्या बेरजेप्रमाणे चाललं होतं.

आणि मग वारा आला.

जूनमध्ये आमच्याकडे पॉपलरचा कापूस उडतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कालव्याच्या कडेने साचतो, चहात पडतो, नाकात जातो. आम्ही शिंकतो आणि शिव्या घालतो. पण दोन दिवस बेरजा मांडणाऱ्या या शहाण्याच्या डोक्यात तो आला नाही! रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांनी एकदम अंग झाडलं. पांढरा लोट उठला, चित्र दोरावर गर्रकन फिरलं आणि अख्खं त्या लोटात बुडालं. खाली टेकलं तेव्हा लाल नव्हता, करडा नव्हता, पिवळाही नव्हता. कानाकोपऱ्यापर्यंत नुसता पांढरा कापूस.

मग सागिनाली आगाय खोकले.

"मेंढी!" ते म्हणाले. "चला, शेवटी ओळखू येईल असं काहीतरी काढलंस, पोरी."

लोक हसले. पेरिझात दगडासारखी उभी होती. मेदेर धडधडत जिना उतरून आला, गुडघ्यांवर बसला आणि नखांनी एकेक तंतू उपटायला लागला.

"हात लावू नकोस!" ती किंचाळली. "तू... तुझ्यामुळे! अख्खा हिवाळा! वारा मोजलास, दोर मोजलेस, विटा मोजल्यास, आणि हे? हे डोळ्यांसमोर उडत होतं, हे नाही दिसलं?"

"नाही दिसलं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तुझं चित्र सोडून काही दिसतच नव्हतं."

भुवईवर कापूस, नाकावर कापूस... असा तो गुडघ्यांवर बसलेला. मग त्याने झाडांकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि चाचरत म्हणाला, "नियमाने बघितलं तर... यांनी चित्र पहिल्यांदाच पाहिलं ना? काहीतरी द्यायला हवंच होतं. जवळ होतं ते दिलं बिचाऱ्यांनी."

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"माझेच नियम मलाच?"

"हरायची तयारी लागते, असं कुणीतरी म्हणालं होतं."

"तुला आत्ता इथे, या रस्त्यावर एक ठेवून दिली ना तर—" आणि तिथेच तिला हसू फुटलं. रडू थांबायच्या आत हसू आलं, त्यामुळे दोन्ही एकदमच. तिने बाहीने नाक पुसलं, सुरी मागितली, पाटी मागितली आणि चित्र आडवं करून रस्त्यातच बसली. कापसावर रंग थापला की तो वेगळाच बसत होता. लोकरीत शिरल्यासारखा, मऊ, आतून फुगलेला. असा रंग तिने जन्मात लावला नव्हता. भाजीवाली वाकून म्हणाली, "अगं, हे छान दिसतंय!" कोरुंदुक म्हणून तिने शेपूची जुडी पुढे केली. तिचाही ठसा बसला.

"आगाय, तुम्हीही फुकटात बघितलंत," पेरिझात मान वर न करता म्हणाली. "काढा काहीतरी."

सागिनाली आगायांनी मिश्या पुसल्या, इकडे तिकडे बघितलं, अखेर खिशातून एक जुना, बारीक केसांचा ब्रश काढून ठेवला. घोड्यांच्या आयाळी रंगवायचा. आणि आत गेले.

*

पेरिझातच्या मावशीच्या लोकर ठेवायच्या शेडमध्ये चित्र पुढे सरकत होतं. मेदेरला तिथे मज्जाव. 'पुरं झाल्यावर ये,' असा हुकूम होता आणि हुकूम मोडणाऱ्यांतला तो नव्हताच. फोनवर मात्र रोज भांडण. कधी रंगावरून, कधी कशावरूनच नाही.

पुरं झालं त्या दिवशी तो आला. स्वच्छ सदरा, विंचरलेले केस, चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा. पडद्यासमोर उभा राहिला.

"कोरुंदुक," पेरिझातने हात पुढे केला.

"ओळंबा दिला होता."

"ते जुन्या चित्राचं. हे नवं आहे."

त्याने खिशातून छोटी चुरगळलेली पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. पेरिझातने ती उघडली. चांदीचे जुने कानातले होते, प्रत्येकात पोवळ्याचा एक लाल मणी. जोडी.

तिचा हात तसाच राहिला. आमच्याकडे कुणी कुणाला कानातले उगीच देत नाही. मुलाची आई मुलीच्या कानात ते घालते आणि घातले की सोयरीक पक्की.

"हे... हे चित्रासाठी?"

"नाही," मेदेर म्हणाला. "चित्रासाठी नाही."

"अरे, मग आधी विचारायचं असतं!" तिचा आवाज फुटला. "माणसाने आधी विचारायचं असतं, उत्तर ऐकायचं असतं, मग—"

"विचारतोय ना. उत्तर ऐकायला उभा आहे."

"आणि हे तू देतोस? हे आईने घालायचे असतात, तेवढंही कळत नाही?"

तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. लांबलचक, वैतागलेला.

"आई गाडीत बसलीय," मेदेर जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, आधी एकट्याने विचारतो. तू नाही म्हणालीस तर तिच्यासमोर तुला अवघड व्हायला नको."

"या उन्हात? आईला? गाडीत?" पेरिझातच्या संतापाला आता पारावार राहिला नाही. "मेले कुणी लग्नासाठी पोरींना गाडीत कोंबून पळवून नेतात, आणि हा आईला गाडीत कोंबून आणतो! शरम वाटत नाही? पाणी तरी दिलंस का त्यांना?"

आणि ती धावली. तशीच, रंगाच्या एप्रनवर, पुडी मुठीत घट्ट धरून.

कुलुयपा आपा चालकाच्या जागेवर बसून वारा घेत होत्या. गाडी त्या स्वतःच चालवत. लेकाच्या हळू चालवण्याने त्यांना मळमळायचं.

"आपा, उतरा, आत चला, चहा टाकते. तुमच्या मुलाला काडीची अक्कल नाही!"

"ते मला ठाऊक आहे," आपा म्हणाल्या. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मुठीकडे बघितलं. "तू हो म्हणालीस का, ते सांग."

पेरिझातने मागे पाहिलं. मेदेर शेडच्या दारात उभा होता, सरळ, हात कुठे ठेवावे ते न कळून.

"रागाच्या भरात सांगायचं राहूनच गेलं," ती म्हणाली. "हो."

आपांनी खिडकीतूनच हात बाहेर काढले. "वाक. कान पुढे कर. अगं बाई... निळे!"

"धुऊन येते."

"राहू दे. पुन्हा होतीलच." आणि एकेक करून त्यांनी कानातले घातले. त्यांची बोटं निळी झाली. मग त्या उतरल्या, रुमाल नीट केला आणि म्हणाल्या, "आता ते चित्र दाखव. माझा पोरगा त्याच्यापायी जेवायचा विसरतो."

"आपा... कोरुंदुक."

"एवढी चांदी कानात घातली ती?"

"ती माझ्यासाठी. चित्राचं वेगळं."

आपांनी डोळे मोठे केले, लेकाकडे बघितलं, मग तोंडभर हसल्या. पिशवीत चाचपून त्यांनी केसांचा एक चाप काढला आणि ठेवला तिच्या तळहातावर. मेदेरनेही खिशात हात घातला, तर त्याच्याजवळ काहीच नव्हतं. पेरिझातने त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर अडकलेला कापसाचा एक तंतू चिमटीत उचलला.

"चालेल," ती म्हणाली आणि पडदा ओढला.

कापूस आता दिसत नव्हता, पण प्रत्येक रंगाच्या पोटात तो होता. सगळं मऊ, सगळं उसासा टाकल्यासारखं वर आलेलं, आणि मधोमध ओळंब्याची ती निळी रेघ. तेवढी तिने पुन्हा तशीच सोडली होती, सरळ.

आपा म्हणाल्या, "हे काय आहे ते कळत नाही, पण बसावंसं वाटतं," आणि लोकरीच्या गठ्ठ्यावर बसल्या.

मेदेर चित्रासमोर उभा राहिला. मग दोन पावलं पुढे गेला, पुन्हा मागे आला. बराच वेळ गेला. पेरिझात त्याच्याकडे बघत होती, मग तिने चित्राच्या कडेला बघितलं आणि तिचा जीव वरखाली व्हायला लागला. मागच्या भिंतीचा गिलावा वरपासून खालपर्यंत उकलला होता, या दारातून आंधळ्यालाही दिसावं इतका ढळढळीत. आता वाकेल... आता मान आत खुपसेल... आता म्हणेल, शेड रिकामी करा...

तो वाकला नाही.

तिलाच राहवेना. "अरे, असा कसा रे इंजिनियर तू?" ती उसळून म्हणाली. "माळ्यावरच्या भेगेसाठी माझा जीव खाल्लास आणि इथे मागे एवढी मोठी भेग आहे, ती नाही दिसत?"

मेदेरने चित्रावरची नजर हलवली नाही.

"कुठली भेग?" तो म्हणाला.